झिंग्याला दिलेली मूठमाती

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी मला शाळेत विज्ञान शिकवलं. प्राण्यांचं वर्गीकरण करताना मी झिंगा बिनधास्त माशांत टाकला होता, त्यावरची त्यांची लाल फुली अजून आठवते. तरी गेल्या मे महिन्यात नरखेडकडे भाच्याच्या लग्नाला जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्याच हातात दिली.

"नात पुण्याच्या होस्टेलात गेली, तिचा झिंगा आहे हा," काचेच्या टाकीकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. आत बोटाच्या पेराएवढा लाल झिंगा एकटाच फिरत होता. "सुट्टीत आली का पयले यालेच पायते. रोज दुपारी बर्फाची बाटली पाण्यात सोडजो. नाही तर उकडून जाईन गा तो."

तीन दिवस सोडली. चौथ्या दिवशी जेवून कूलरसमोर आडवा झालो तो दिवेलागणीला उठलो. धावत खाली गेलो, तर टाकीच्या तळाशी झिंगा आडवा. मिशा, पाय सगळं जागच्या जागी, फक्त रंग उडालेला. आपल्या झोपेपायी एक जीव उकडला, हे मनाला फार लागलं. चमच्याने अलगद काढून त्याला जास्वंदाच्या कुंडीत पुरलं, उदबत्ती लावली. बायको म्हणाली, "दोन फुलं पण वाहा." ती चिडवत होती, हे फुलं वाहून झाल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सक्करदऱ्याच्या दुकानातून तसाच, तेवढाच झिंगा आणून टाकीत सोडला. बाईंना काय कळणार!

बाई आल्या. चष्मा लावून टाकीसमोर बसल्या.

"काहून गा, एकाचे दोन कसे झाले?"

मी वाकून पाहिलं. शेवाळाच्या गोळ्यामागून आमचे स्वर्गवासी ठणठणीत बाहेर येत होते. मग मी सगळं सांगून टाकलं, झोपेसकट.

"तू पुरलं ते कवच होतं," बाई म्हणाल्या. "हा संधिपाद आहे, कवचधारी. खेकडा याचा सख्खा, विंचू-झुरळ भावकीतले. अंग वाढलं का जुनं कवच टाकते आन् नवं कडक होईपर्यंत दडून बसते. मासा टाकते काय कवच?"

"नाही बाई."

"उदबत्ती लावली म्हणते?"

"लावली."

"ते कवच तो स्वतःच खाते गा, नव्या कवचासाठी. त्याचं जेवण तू जास्वंदाले देलं."

मी मान खाली घातली. बाईंनी नातीला फोन लावला. आता बाटलीचं निघणार म्हणून मी दाराकडे सरकलो. "तुझा झिंगा मजेत आहे," त्या म्हणाल्या, "वरच्यानं त्याले जोडीदार आणून देला." झोपेचं नावही काढलं नाही.

या मेमध्ये किल्ली पुन्हा माझ्याकडे आली. टाकीवर लाल पेनाने लिहिलेली चिठ्ठी होती: मेलेला दिसला, तर आधी शेवाळामागे बघ.