पूजा उठल्यावर सांगतो

गेवराईहून बीडला जाणारी आपली मोटार सकाळी सातला सुटते असं त्रिंबकशेठ सगळ्यांना सांगायचा, आणि ती कधीच आठच्या आत सुटली नाही. कारण सातला त्याची पूजा सुरू व्हायची. चारी चाकांवर पाणी, बॉनेटवर हळदकुंकू, पुढच्या दोन पितळी दिव्यांना एकेक फूल, चाकाखाली लिंबू आणि शेवटी नारळ. उतारू आत घामाघूम होऊन बसलेले असत. कुणी कुरकुरलं तर हा जोडलेले हात तसेच ठेवून नुसती मान वळवायचा आणि म्हणायचा, "माणसाचं काय, माणूस समजून घेतो. देव समजून घेत न्हाई." या एका वाक्यावर त्याने सगळं आयुष्य काढलं.

मी त्या मोटारीचा ड्रायव्हर होतो. निजामाच्या राज्यात आमच्या भागात मोटार चालवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यातला मी एक. हैदराबादला जाऊन लायसन्स काढून आणलं होतं. सासऱ्यांनी मुलगी देताना माझं घर नंतर बघितलं, आधी ते लायसन्स बघितलं. गेवराईत अजूनही "पहिली मोटार आणणारे शेठ" म्हणून त्याचं नाव आदराने घेतात. खुशाल घ्यावं. मी मात्र त्याला अहो-जाहो करणार नाही.

त्याचं खोटं मोठं गोड असे. बीडवरून पुढे नेकनूरला लेकीकडे निघालेल्या एका म्हातारीला त्याने पुढची जागा कबूल केली होती. निम्म्या वाटेत कचेरीतला एक कारकून हात दाखवत उभा राहिला. शेठने म्हातारीला खाली उतरवलं, तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाला, "मावशे, सरकारी माणूस हाय. समजून घे." ती बिचारी डोक्यावर गाठोडं घेऊन चालू लागली. मी मोटार हलवणार तेवढ्यात तो ओरडला, "थांब बे, दिव्यावरचं फूल पडलं. ते पायदळी आलं म्हंजी?" फूल उचलून पुन्हा दिव्याला लागेपर्यंत मी थांबलो, आणि ती म्हातारी धुळीत लांब जाताना बघत राहिलो. मला तेव्हाच नोकरी सोडायला हवी होती.

पुढे त्याच रस्त्यावर दुसऱ्याची नवी मोटार आली. आमचं इंजिन चढावर धापा टाकायचं. त्याच वर्षी मुंबईच्या एका कंपनीचा माणूस येऊन मोटारीचा विमा उतरवून गेला होता. दिवे, भोंगा, नव्या टायरांवरचे नंबर, सगळं त्याने कागदावर टिपून घेतलं होतं. मोटार जळाली तर कंपनी पुरती भरपाई देते, एवढी एकच गोष्ट शेठने त्यातून ध्यानात ठेवली.

भादव्यातली गोष्ट. सकाळी त्याने मला पुढचे दिवे आणि भोंगा काढायला लावला. नवी टायरं उतरवून जुनी चढवायला लावली. मी विचारलं, "कावून शेट?" तर म्हणाला, "दसऱ्याला चमकवून लावू. तवर जुन्यावर भागव." मी माझ्या हातांनी सगळं काढून त्याच्या घरात नेऊन ठेवलं. दुपारी बीडहून आम्ही दोघंच रिकामी मोटार घेऊन परतत होतो. एका ओढ्यापाशी त्याने थांबायला सांगितलं. "इंजिन तापलंय. हिरीवरनं पाणी आन." विहीर दोन शेतं पलीकडे होती. मी बादली भरून आलो तर मोटार पेटलेली, आणि हा बाभळीखाली निवांत उभा. मी बादली ओतली, माती टाकली, दोन्ही तळवे भाजून घेतले. त्याने बोट हलवलं नाही.

"कसं झालं शेट?" मी विचारलं.

"तुझी बिडी," तो म्हणाला.

मी जन्मात कधी बिडी ओढलेली नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या क्षणापासून मला त्या माणसाचा जो तिटकारा आला, तो आजतागायत गेलेला नाही.

पोलीस ठाण्यावरच्या अमिनाला, म्हणजे फौजदाराला, मी दिव्यांची आणि टायरांची हकीकत सांगितली. तो शांतपणे म्हणाला, "निकाले किसने? तूनेच ना? फिर तू भी शरीक है." मला पंधरा दिवस कोठडीत ठेवलं आणि लायसन्स काढून घेतलं. सुटून आलो तर लोक मला मोटार जाळणारा म्हणू लागले होते. बायको पाण्याला गेली की बायका बोलायच्या थांबत. शेठ भेटला तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कंपनीला कायतरी कारण द्यावं लागतंय. तुला काय फाशी हुनार हाय का? समजून घे."

विमा कंपनीचा चौकशी अधिकारी आला तो नवरात्रात. चष्मा लावणारा, हळू बोलणारा गृहस्थ. शेठच्या अर्जात मोटार तिच्या सगळ्या सामानासकट जळाली असं लिहिलेलं होतं. साहेब मला एकट्याला येऊन भेटले. मी त्यांच्या पाया पडलो नाही, रडलोही नाही. एवढंच म्हणालो, "साहेब, आज शेटच्या घरी जाऊ नका. खंडेनवमीला जा. अमिनसाहेबांना संगं घ्या, अन् परसाद घ्यायला देवघरात जा." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी सांगितलं, "मी त्याला दहा वर्सं बघतोय. त्यो समद्या जगाला फशीवंल, पर नवमीला हत्यारं पुजल्याबिगर ऱ्हानार न्हाई."

नवमीला आमच्याकडे सुतार पटाशी पुजतो, शेतकरी नांगर पुजतो. मोटारवाल्याने काय पुजायचं? साहेब आणि अमीन आत गेले. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो, तिथून दिसत होतं. पाटावर दोन पितळी दिवे लखलखत होते, मधे भोंगा, बाजूला चार टायरं, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. साहेबांनी खिशातून कागद काढला, वाकून टायरांवरचे नंबर वाचले आणि विचारलं, "शेठजी, हे सामान कुठलं?"

शेठने एकदा देवाकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. मग हात जोडून तो म्हणाला, "आत्ता इचारू नका. पूजा उठल्यावर सांगतो."

अमिनालाही हसू आलं असावं, पण त्याने दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ दिली आणि दाराशी जमादार बसवला. दसऱ्याला पूजा उठली, दिवे देव्हाऱ्यापुढून हलले, आणि शेठने सांगितलं, "ह्ये समदं ड्रायव्हरनं चोरलतं. मी परत आनलं." साहेब फक्त म्हणाले, "मग हे काल का नाही सांगितलंत?"

त्याला दोन वर्षांची कैद झाली. मोटारीची भरपाई बुडाली, धंदा बसला. मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. मला वाईट वाटलं ते माझं. लायसन्स परत मिळालं, पण उतारूंची मोटार पुन्हा कुणी माझ्या हाती दिली नाही. लोक म्हणत, दिवे यानेच काढले होते, म्हणजे आतून सामील असणार. वाटा मिळाला नाही म्हणून उलटला. शेवटी परळीला सरकीची पोती वाहणाऱ्या लॉरीवर लागलो. माझ्यामागे माणसं बसली, गप्पा मारत बीडपर्यंत आली, असं परत कधी झालं नाही.

बऱ्याच वर्षांनी त्याचा थोरला मुलगा मला बोलवायला आला. शेठ अंथरुणाला खिळला होता. गेलो. भोवती चार शेजारी बसलेले. मला बघून त्याने हात पुढे केला. "गणपत, झालं गेलं. समजून घे बाबा."

मी म्हणालो, "घेतो. फकस्त या चौघांपुढं येकदा सांगा, की बिडी नव्हती."

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. "आता ते कशाला? पोरांची इज्जत हाय."

दिवेलागणीची वेळ होती. मुलगा रोजच्यासारखा त्याला उचलून देवघरात न्यायला आला. अंथरुणावर पडल्यापासूनही त्याचा तो नेम एक दिवस चुकला नव्हता. मी सहज म्हणालो, "न्या. मीबी येतो. तितंच सांगतील."

शेठने मुलाचा हात झटकला. "आज नको," म्हणाला, "आज इथूनच नमस्कार करतो." आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

आठवडाभराने तो गेला. मुलगा सांगत होता की त्या संध्याकाळनंतर ते देवघरात गेलेच नाहीत. रोज उचलायला गेलं की विचारायचे, "गणपत गेवराईत हाय का, परळीला गेला?" मी तेव्हा गेवराईतच होतो. देवासमोर त्याला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं त्याला बोलायचं नव्हतं, म्हणून त्याने शेवटी देवच सोडला.

मी तेराव्याला गेलो नाही. लोक म्हणाले, मेलेल्या माणसाशी कसलं वैर, समजून घ्यावं. मी नाही घेतलं.