जास्वंदीचा गुन्हा

अमेरिकेत राहून स्वतःच्या गुन्हेगारीचा इतका निर्मळ अभिमान बाळगणारा माणूस आमच्या शेजारच्या काकांखेरीज माझ्या पाहण्यात नाही. पिस्कॅटवे गावात आमच्याकडे कुणी नवा पाहुणा आला, की चहा यायच्या आत काका सांगून मोकळे व्हायचे, "मी रेकॉर्डवरचा माणूस आहे बरं का!" इस्त्रीच्या शर्टातला हा रिटायर्ड इंजिनिअर नक्की कोणत्या रेकॉर्डवर आहे, हे कळेपर्यंत पाहुण्याचं लक्ष आपल्या पाकिटाकडे असायचं.

काकांचा सगळा कारभार तत्त्वावर चालतो. हीटर वाढवायचा नाही हे तत्त्व, म्हणून जानेवारीत ते घरात कानटोपी घालून बसतात. दुकानात आपलं सामान आपण स्कॅन करायचं नाही, "मी गिऱ्हाईक आहे, नोकर नाही," हे दुसरं; त्यापायी त्यांच्याबरोबर रांगेत उभं राहून मी आइस्क्रीमचं दूध झालेलं पाहिलं आहे. आणि सगळ्यात जुनं तत्त्व साताऱ्याहून आणलेलं: कुंपणाबाहेर आलेली फांदी देवाची. इथे घरांना पुढून कुंपणच नसतं. काकांनी त्याचा अर्थ असा लावला, की अख्खी वसाहतच देवाची. रोज सकाळी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन ते लोकांच्या अंगणातून पूजेची फुलं गोळा करायचे. अखेर एका घरमालकाने पोलिसांना फोन केला आणि काका जास्वंदीसकट पकडले गेले. कोर्टात त्यांनी वकील घेतला नाही. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर ताठ मानेने म्हणाले, "येस!" वर आम्हाला ऐकवलं, "देवासाठी फुलं तोडायची आणि नंतर खोटं बोलायचं?"

याला बरीच वर्षं झाली. यंदा नातीच्या शाळेत आजी-आजोबांनी वर्गात येऊन गोष्टी सांगायचं ठरलं. काकांनी नाव दिलं, शाळेने बॅकग्राउंड चेक केला, त्यात जुना गुन्हा निघाला आणि नकार कळवला. नातीने मात्र वर्गभर सांगून ठेवलं होतं. "आजोबा, आर यू कमिंग ऑर नॉट?" या प्रश्नावर काकांकडे कोणतंच तत्त्व नव्हतं. त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

मग मी पुढे सरसावलो. मी सॉफ्टवेअरवाला, चार व्हिडिओ पाहिले की मला कोणताही विषय येतो. "काका, रेकॉर्ड कोर्टातून पुसून घेता येतं. वकील कशाला? मी आहे ना!" मी ऑनलाइन अर्ज भरला. ब्राउझरने आपणहून माझं नाव आणि माझी जन्मतारीख घातली, आणि मी न बघता पाठवून दिला. काही दिवसांनी कोर्टाने मला कळवलं, की तुमच्या नावावर गुन्हाच नाही. सरकारने माझ्याविषयी काढलेला एवढा चांगला उद्गार दुसरा नसेल. बायकोने मात्र त्याच संध्याकाळी एक नागपूरची वकीलबाई शोधून काढली. तिने माझा पराक्रम ऐकून घेतला आणि शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्ही फक्त ड्राइव्ह करा."

मी ड्राइव्ह केलं. काम झालं. कोर्टाबाहेर वकीलबाई म्हणाली, "काका, आता कायद्यानं हे घडलंच नाही बरं. कुणी विचारलं तर बिनधास्त नाही म्हणायचं."

परतताना मी विजयी वीराच्या थाटात विचारलं, "काय काका, खूश ना?"

"खूश आहे रे. पोरगी नाचेल," काका म्हणाले. "पकडलं त्या दिवशी मला पोलिस स्टेशनातून सोडवायला तुझी काकू आली होती. लायसन्स होतं, पण कधी गाडीला हात लावला नव्हता तिनं. त्या दिवशी गाऊनवर स्वेटर चढवून एकटी ड्राइव्ह करत आली. परत येतानाही तिनंच चालवली. मला शेजारी बसवून रस्ताभर नुसती हसत होती." काकूंना जाऊनही आता वर्षं झाली. "ते घडलंच नाही म्हणायचं, तर हेही नाहीच म्हणायचं का रे?"

चार व्हिडिओंत याचं उत्तर नव्हतं. माझी हायवेवरची एक्झिट चुकली.

आता काका शाळेत जातात, आणि पाहुण्यांना रेकॉर्डचं काही सांगत नाहीत. मग मीच म्हणतो, "काका, काकूंनी एकदा गाडी चालवली होती ना, ते सांगा." काका खुलतात. काकू गाऊनवर स्वेटर चढवून निघतात, घाबरत घाबरत पोचतात, काकांना शेजारी बसवून हसत परत आणतात. कुठून, ते काका सांगत नाहीत, आणि पाहुण्यांनाही ते विचारावंसं वाटत नाही.