लेकीच्या घरचं पाणी

पारनेरच्या पलीकडच्या माळावर आसाराम कोरडवाहू जमीन कसायचा. उंच, थोडा पोक आलेला, कमी बोलणारा माणूस. गावात त्याच्या बाजरीपेक्षा त्याच्या नेमाचं नाव जास्त. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी अन्नपाणी घेऊ नये, ही रीत सगळ्यांचीच. पण बाकीचे ती जेवणापुरती पाळत आणि चहा पिऊन मोकळे होत. आसाराम पाण्याच्या थेंबापर्यंत पाळायचा. लेक पुष्पावतीला प्रवरेकाठच्या बेलापूरला देऊन सहा वर्षं झाली होती. तो तिच्या ओट्यावर बसे, घरून आणलेल्या वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी पिई आणि उठे. आपण फार सरळ माणूस आहोत, असं त्याला वाटे.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. पुढच्या चैत्रापर्यंत विहिरीत फक्त सावली उरली. जोडीतला एक बैल गोठ्यात बसला तो उठला नाही. दुसऱ्याला, मोऱ्याला, घेऊन आसाराम चालत बेलापूरकडे निघाला. तिकडे कालवा होता. सरकारचं पाणी, सरकारचं गवत. बैल जगेल आणि नेमही राहील.

पोचला तेव्हा पाण्याची पाळी संपून कालवा कोरडा पडला होता. कडेचं गवत गुरांनी मुळापर्यंत ओरबाडलेलं.

व्याही आप्पासाहेब दारात आले. "पाव्हणं, गोठ्यात बांधा त्याला. आमच्या हिरीला हाय अजून पानी."

"नको. कालव्याच्या कडंलाच बांधतो. सरकारी जागा बरी."

"मंग गोठा सरकारच्या नावावर करून देऊ का?" आप्पासाहेब हसले.

तोवर पुष्पावतीनं बादली भरून बैलापुढं ठेवली होती. मोऱ्यानं तोंड खाली घातलं. आसारामनं कासरा ओढला. पाणी ओठांना लागायच्या आधीच मान वर आली.

"आबा, पिऊ द्या की. त्यानं कुठं लेक दिलीय हितं?"

ओट्यावरच्या बाया खिदळल्या. आसाराम हसला नाही. "माझ्या दावनीचं जनावर हाय, पुष्पे. ते प्यालं म्हंजी मीच प्यालो."

पुष्पावती बादलीकडं बघत राहिली. "म्हंजी मला मूल न्हाई म्हनून बैलानं मरायचं?"

आसारामनं हातातल्या कासऱ्याकडं पाहिलं. मूठ उघडायची, कासरा सैल सोडायचा, एवढंच काम होतं. पण ती मूठ फार वर्षांची होती. प्रवरेत एखादा डोह असेल म्हणत तो नदीच्या दिशेनं वळला.

शिवेपाशी मोऱ्या पुढच्या गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. ऊन पांढरं झालं होतं. मागून पुष्पावती धावत आली, डोक्यावर घागर. आता आसारामनंच बैलाचं तोंड उघडून धरलं.

"घाल बाय, घाल."

तिनं ओंजळीनं पाणी घातलं. ते जिभेवरून ओघळून मातीत गेलं. पुन्हा घातलं, पुन्हा गेलं. डोळ्यावर माशी बसली आणि पापणी हलली नाही.

घागर अजून अर्धी होती. आसारामचं पाणी सकाळीच संपलं होतं. त्यानं लेकीकडं पाहिलं. तिनं नुसतं 'प्या' म्हटलं असतं तर त्या दिवशी तो प्यायला असता. पुढं मरेपर्यंत त्याला हे कुणाला सांगता आलं नाही.

पुष्पावतीनं घागर कमरेवर घेतली, पदरानं तोंड पुसलं. "निघते, आबा," म्हणाली आणि चालू लागली. त्याला पाणी विचारणं म्हणजे त्याचा अपमान, हे त्यानंच तिला इतकी वर्षं शिकवलं होतं.