हाडाचं औषध

धोंडीराम माणूस म्हणून वाईट नव्हता, पण बाटल्यांशी भांडायचा. खरंच भांडायचा. लिंबागणेशला देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर त्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की एखादी बाटली डोळ्यांपुढं धरून तो तिला विचारायचा, "बोल की! पोटात घ्यायची का अंगाला लावायची?" बाटली गप्प. मग तो तिला फळीवर आपटून ठेवायचा आणि आतून त्याची बायको छबुबाई म्हणायची, "फोडा आता, म्हंजी सुटलो." हा माझ्या आजीचा सख्खा भाऊ. त्याची ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे, की कधीकधी मला वाटतं मी तिथं उभी होते.

काळ निजामाचा. कचेरीत उर्दू, कुलकर्ण्याच्या दप्तरात मोडी, पोथीत बाळबोध, आणि मुंबईहून येणाऱ्या मालावर इंग्रजी. धोंडीरामाला मोडी जेमतेम लागायची, तीही स्वतःच्या हातची. गावाला तेवढीही लागत नव्हती. पण माल विकायचा होता आणि घ्यायचाही होता, म्हणून गावानं आपली एक रीत बसवली होती. कागदावर चित्र ज्याचं, वस्तू त्याच्यासाठी. लांब केसांची बाई असली की ते डोक्याचं तेल. गुटगुटीत पोर असलं की ते लहान लेकराच्या पोटदुखीचं पाणी. घोडा असला की जनावराचं मलम. काडीपेटीवर वाघ असायचा आणि वाघ काही चूल पेटवत नाही, हे गावालाही कळत होतं. पण औषधाच्या बाबतीत ही रीत कधी चुकली नव्हती.

धोंडीरामानं तर या रीतीची भिंतच केली होती. नवी वस्तू आली की पहिल्या बाटलीवरचा कागद तो कोमट पाण्यानं भिजवून अलगद सोडवायचा आणि गव्हाच्या खळीनं दुकानाच्या भिंतीला चिकटवायचा. गिऱ्हाईक यायचं आणि बोट दाखवायचं. "ती बाई द्या." "तो घोडा द्या." नावं कुणाला पाठ नव्हती आणि कुणाचं अडतही नव्हतं. ती भिंत त्याचा मोठा अभिमान होता. बीडच्या पेठेतसुद्धा अशी भिंत नाही, असं तो सांगायचा.

दुकानाच्या कोपऱ्यात रिकाम्या पोत्यावर त्याची आई बसलेली असायची. बायनाबाई तिचं नाव. नवरा लवकर गेला, तेव्हा हिनं दुसऱ्यांच्या रानात खुरपून पोर वाढवलं, डोक्यावर मीठ-मिरचीची पाटी घेऊन वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या, आणि त्या पाटीचंच पुढं हे दुकान झालं. इतकं चाललेली बाई, आणि आता गुडघे धरून बसलेली. उठताना भिंत लागायची, बसताना सून लागायची. डोळ्यांतही सारा येऊन नजर धूसर झाली होती. तिचं मागणं एकच होतं. एकदा कपिलधारला जायचं आणि तिथं कड्यावरून पडणाऱ्या पाण्याखाली आपल्या पायांवर उभं राहायचं. धोंडीराम म्हणायचा, "माय, पाठीवर घिऊन जातो तुला." तशी ती भडकायची. "मी काय मिठाचं पोतं हाय का?"

त्यामुळं बीडच्या बाजारात एक निळी बाटली दिसली, तेव्हा धोंडीरामानं ती झडप घालून उचलली असणार. बाटलीवर कवटी आणि तिच्याखाली एकमेकांवर ठेवलेली दोन हाडं. याहून स्पष्ट काय सांगायचं? बाईचं चित्र बाईला, घोड्याचं घोड्याला, आणि हे हाडाचं. त्यानं दुकानदाराला विचारलं, कसं वापरायचं. दुकानात गर्दी होती. वर न बघताच तो म्हणाला, "वर सगळं लिहिलेलं हाय."

लिहिलेलं होतंच. चांगलं ठळक, इंग्रजीत!

घरी आल्यावर त्यानं बाटली आईच्या हातात दिली. तिनं काच चाचपली, बुचाचा वास घेतला, नाक मुरडलं आणि हसली. उग्र वास म्हणजे खरं औषध, असा तिचा हिशेब. विचारलं, "प्यायचं का लावायचं?"

"तेच तर इचारायचंय. इचारल्याबिगर प्यायचं न्हाई. घोटसुदिक न्हाई."

मग तो बाटली घेऊन गावभर फिरला. शाळेच्या मुन्शीजींनी ती उलटीसुलटी पाहिली आणि सरळ सांगितलं, ही अंग्रेजी आहे, मला येत नाही. कुलकर्ण्यांनी चष्मा लावला, चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि बाटली परत केली. धोंडीरामाचा पारा चढला. "आरं, मानसं आमी, दुखनं आमचं, पैका आमचा, मंग ह्ये लिव्हलंय कुनासाठी?" आजही मलमाच्या डबीवर 'केवळ बाह्योपचारार्थ' असं मराठीत छापलेलं मी पाहते, तेव्हा मला धोंडीरामच आठवतो.

शेवटी त्यानं ठरवलं, बीडला सरकारी दवाखान्यात जायचं. तिथल्या कंपौंडरला इंग्रजी येतं. पण बाटलीचं बूच सैल होतं, आणि मागं एकदा तट्टाच्या हिसक्यानं तेलाची बाटली फुटून सगळं खोगीर माखलं होतं. आईचं औषध सांडलं तर? मग त्यानं त्याला अंगवळणी पडलेलं काम केलं. कोमट पाणी घेतलं, कागद भिजवला, अलगद सोडवला, वाळवला आणि घडी करून पटक्यात खोवला. बाटली ठेवली घरातल्या कोनाड्यात, नुसती.

इथं आलं की मला त्याचाही राग येतो, त्या बाटलीवाल्यांचाही येतो आणि कुणावर किती काढावा ते कळत नाही. खबरदारीचा कागद पटक्यात बसून बीडला गेला, आणि ज्याची खबरदारी घ्यायची ते घरात म्हातारीपाशी राहिलं.

दवाखान्यात कंपौंडरनं कागद उलगडला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "अरे बाबा, जहर है ये! मोरी धोने की दवा. पीना नहीं, बदन को लगाना नहीं."

धोंडीरामाला ते पटेचना. "मंग हाडाचं चित्र कावून काढलं?"

"आदमी मर गया तो यही बचता है. इसलिए."

"आमच्यात राख उरती, साहेब! कवटी कुनी बघितली?"

कंपौंडर भला माणूस होता. त्यानं वाद घातला नाही. जनावरांच्या जखमेत अळ्या पडल्या तर बादलीभर पाण्यात थोडे थेंब टाकून धुता येतं, एवढं त्यानं सांगितलं. मग एकदम विचारलं, "बोतल कहाँ है?"

"घरी," धोंडीराम म्हणाला, आणि म्हणता म्हणता कागद ओढून घेऊन दाराकडं पळाला.

तट्टाला त्यानं जन्मात मारलं नव्हतं. त्या दिवशी मारलं. वाटेत पाणी पाजायलासुद्धा तो थांबला नाही. गाव जवळ आलं तेव्हा दिवस कलला होता आणि त्याच्या दुकानापुढं माणसं गोळा झालेली लांबूनच दिसली. उतरून तो ओरडतच गर्दीत घुसला.

गर्दीच्या मधोमध बायनाबाई चालत होती. काठी नाही, भिंत नाही, सून नाही. उंबऱ्यापासून समोरच्या चिंचेपर्यंत जायची आणि परत यायची. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, चेहरा हसरा. लोक कौतुकानं बघत होते. त्याचा आवाज ऐकून ती थांबली.

"धोंड्या, बघ रं! बघ तुजी माय!"

"प्यालीस का? माय, प्यालीस का?"

"न्हाई, तू न्हाई म्हनलातास ना. नुसतं चोळलं. छबू रानात गेलती, मंग माजं म्याच घेतलं. आदी लई आग झाली. मंग दुखनंच गेलं बग, पाय हाय का न्हाई तेबी कळंना." आणि मग तिनं डोळे बारीक करून विचारलं, "पेन्याचं काय म्हनले?"

त्यानं तिला तिथंच चिंचेखाली बसवली आणि घागरीमागून घागर गुडघ्यांवर ओतली. तोंडानं तिला शिव्या देत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गुडघ्यांची कातडी भाताच्या पेजेसारखी पांढरी पडली होती. दुखणं गेलं नव्हतं, कातडी बधिर झाली होती. बधिरपणा ओसरला तशी म्हातारी विव्हळायला लागली. मग फोड आले, फोडांच्या जखमा झाल्या, जखमा चिघळल्या. कितीतरी दिवस छबुबाई तिला लोणी लावत होती. जखमा भरल्या तेव्हा कातडी आवळून आली होती, आणि आधी भिंतीला धरून उठणारी बायनाबाई आता तशीही उठेना.

एवढं सगळं झालं म्हटल्यावर गाव शहाणं झालं असेल, असं कुणालाही वाटेल. छे! गावानं जखमा पाहिल्या नव्हत्या, त्या घरात होत्या. गावानं पाहिली होती चालणारी बायनाबाई. दुसऱ्याच दिवशी सकाळपासून लोक दुकानात यायला लागले. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाची मान.

"ते हाडाचं द्या."

"जहर हाय ते!"

"जहालच पायजे, शेटजी. आमचं दुखनं जुनं हाय."

धोंडीराम डोकं धरून बसायचा. त्यानं तो कवटीचा कागद भिंतीला लावलाच नाही, तर शहादेव नावाचा शेजारी सगळ्यांदेखत म्हणाला, "घरच्या म्हातारीला अमृत, आन् आमाला जहर व्हय?" धोंडीराम त्याच्या अंगावर धावून गेला. लोकांनी सोडवलं, पण शहादेवाचं म्हणणं सगळ्यांना पटलेलं दिसलं.

बाटली पुरून टाकायची, असं त्यानं ठरवलं होतं. तेवढ्यात सटवा धनगर आला. त्याच्या मेंढ्यांच्या खुरांत अळ्या पडल्या होत्या. धोंडीरामानं बादलीत थोडे थेंब टाकून स्वतःच्या हातानं खूर धुऊन दिले. मेंढ्या बऱ्या झाल्या आणि सटव्याचे भाऊबंद यायला लागले. आता पुरून कसं चालेल? कामाचीही वस्तू आणि घाताचीही, एकाच बाटलीत. मग बाटलीवर अशी खूण करायची, की आंधळ्यानंही हात लावू नये. त्यानं काचेला काजळ फासलं. बायका म्हणाल्या, दृष्ट लागू नये म्हणून केलंय, म्हणजे चीज भारी असणार. लाल रंग त्यानं मनातच रद्द केला. शेंदूर फासला असता, तर गावानं नारळ फोडला असता. त्या दिवसांत तो कुणाशीही धड बोलत नव्हता. जेवायला बसला की मधेच म्हणायचा, "'हात लावू नको' येवढं सांगायला एक खूनसुदिक न्हाई का आपल्यात?"

खूण होती. एक दिवस रानातून येताना त्याला एका शेताच्या वाटेवर बाभळीची काटी, काट्यांची फांदी, आडवी टाकलेली दिसली. तो थांबला आणि वळसा घालून आला. काटी पायानं सहज बाजूला झाली असती, पण तसं कुणी करत नाही. काटी आडवी म्हणजे धन्यानं नाही म्हटलंय. घरी येऊन त्यानं गिऱ्हाइकांदेखत बाभळीच्या काट्यांची फांदी बाटलीच्या मानेला सुतळीनं गच्च बांधली आणि बाटली पुन्हा कोनाड्यात ठेवली. त्यानंतर घासलेटाच्या बाटलीला बांधली, उंदराच्या औषधाला बांधली. गिऱ्हाइकं काटा बघायची आणि हात मागं घ्यायची. कुणी काही विचारलं नाही. मागणीही हळूहळू थांबली.

एका दुपारी तो दुकानातून पाणी प्यायला आत आला, तर बायनाबाई कोनाड्याखाली बसलेली. एवढं अंतर ती ढुंगणावर सरकत आली होती. वर केलेल्या हाताच्या बोटातून रक्त येत होतं.

"माय! कशाला गं?"

ती लहान पोरासारखं म्हणाली, "कपिलधारपतूर जान्यापुरतं. एकडाव. मागनं झाल्या जखमा तर होऊ दे की. त्या दिशी चालले व्हते रं मी."

पाठीवर नेतो, असं म्हणायचीही धोंडीरामाला लाज वाटली. बायनाबाईनं रक्ताळलेलं बोट अंगठ्यानं दाबून धरलं आणि कोनाड्याकडं तोंड करून विचारलं, "ही काटी कुनी लावली?"

"म्या."

तिनं कोनाड्याकडून तोंड फिरवलं.

"तू लावली असली तर न्हाई घेत," ती म्हणाली.

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. पटक्याच्या टोकाची चिंधी फाडली आणि तिच्या बोटाला गुंडाळायला लागला. चिंधी तोकडी होती, गाठ बसत नव्हती. ती गाठ आईनंच दुसऱ्या हातानं ओढून दिली आणि म्हणाली, "काटी आदीच लावायची व्हतीस की रं."