ताम्हणातली पट्टी

धाकट्या भावाला वेल्डिंगचा होल्डर धरायला मी शिकवलं, आणि विमानाच्या कारखान्यात लागला तो. मी पूर्ण्यात, घरापुढच्याच दुकानात, बैलगाड्यांचे आख नि नांगर जोडत राहिलो. दादा, म्हणजे आमचे वडील, भेटेल त्याला सांगायचे, "पोरगं इमान बनवायलंय." थोरला काय बनवतोय, हे कुणी विचारायचं नाही आणि दादा सांगायचे नाहीत. जळायचो मी. खोटं कशाला बोलू?

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी दसऱ्यासाठी तो आला, तो वीतभर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेऊनच. दोन तुकडे जोडून केलेली. त्याच्या साहेबांनी परदेशातून आणलेला नमुना.

"यात धातू वितळवीतच न्हाईत," तो म्हणाला. "फिरता दांडा सांध्यात दाबायचा. घासून धातू मऊ पडतो, अन् दोन्ही कडा एकमेकांत मळून निघत्यात. आई भाकरीचं पीठ मळती तसं."

"हा जोड तू केलास?"

"न्हाई. आमी आजून रिवेटच मारायलोत."

म्हणजे जोड परक्याचा, तरी कौतुक याचं! खंडेनवमीला हत्यारं पूजताना दादांनी ती पट्टी ताम्हणात मधोमध ठेवली. माझा होल्डर कडेला, विळ्याखाली. अ‍ॅल्युमिनियम मला कधी जमलंच नव्हतं. ते तापून लाल होत नाही, कळायच्या आत गळून पडतं. दूधवाल्याची दोन भांडी मी तशीच घालवली होती.

पूजलेली हत्यारं दसरा उजाडेपर्यंत हलवायची नसतात. दुपारी धाकटा गावात गेला, घर पेंगायला लागलं. मी पट्टी उचलली, दुकानातल्या व्हाइसमध्ये आवळली आणि हातोड्यानं मागंपुढं वाकवत राहिलो. शेवटी तुटली. पण जोडावर नाही, बोटभर बाजूला. जोड तसाच्या तसा.

मागं दादा उभे होते.

"तुटली?"

"तुटली."

"जोडावरच ना?"

जोडाचा तुकडा मी मुठीत घेतला. "जोडावरच," म्हणालो.

वाटलं, आता शिव्या बसणार. पण दादा जवळ आले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मंग काम तुजंच पक्कं म्हणायचं."

एवढं ऐकायला मी पंधरा वर्षं थांबलो होतो. तुटकी कड तळहातात रुतत होती. मूठ मी उघडली नाही.