चार बोटांचा नावाडी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — ह्यांच्यापाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगते.

कल्याणात आमच्या घरी यमू होती, माझी विधवा नणंद. मामंजींचा तिच्यावर जीव, म्हणून तिचे केस अजून राखलेले. जात्यावर बसली की गाणी रचायची. त्यातलं एक लांबलचक — मिठागरातल्या पोरीचा खाडीपल्याडच्या नावाड्यावर जीव जडतो, अन् भरतीत तो बुडतो. आळीतल्या बायका डोळे पुसत ऐकायच्या. आणि मी? चोरूनमारून अक्षरं शिकलेली, पोथीचा अर्थ सांगणारी — माझ्यापाशी कुणी बसेना. ते सलायचं हो.

एकदा दुपारी पापड लाटायला सगळ्या जमल्या. सासूबाई होत्या, यमूही होती. मी म्हटलं, आज यमूच्या गाण्याचा अर्थ सांगते. आधी गोडच बोलले. दर कडव्याला पाणी कसं चढतं — घोट्याला, गुडघ्याला, कमरेला — की शेवट यायच्या आधीच आपली छाती दडपते. पोर खाडीला विचारत राहते, खाडी एकदाही उत्तर देत नाही. बायका माना डोलवत होत्या. तिथे थांबता आलं नसतं का मला?

"नावाड्याचं तोंड गाण्यात कुठंच नाही," मी म्हटलं. "हात तेवढा आहे, अन् तोही चार बोटांचा. मनानं रचलेला माणूस धडधाकट असतो गं. तुटकं बोट डोळ्यांनी पाहावं लागतं."

"अगंबाई, मग तो मालधक्क्यावरचा कारकूनच की," शेजारच्या काकू हसल्या. "त्याचं बोट नाही का मालगाडीच्या डब्याच्या दारात गेलं?"

मग कुणीच हसलं नाही. यमूचं लाटणं थांबलं.

त्याच आठवड्यात न्हावी आला. यमूचे खांदे धरायला सासूबाईंनी मला बसवलं. मी धरले — घट्ट धरले. पुढे तिला सासरी धाडलं. तिथे ती गायली की नाही, मी कधी विचारलं नाही.

आळीत माझं नाव झालं. नुसत्या गाण्यावरून ओळखलं, काय बुद्धी म्हणायची हिची — असं म्हणत बायका पोथ्या घेऊन यायला लागल्या. मला आवडलं ते.

पण गाण्यावरून मी काही ओळखलंच नव्हतं. यमूनंच सांगितलं होतं मला, गळ्याची शपथ घालून. घरात तिला मी एकटीच जवळची वाटायची. ती सांगत होती, अन् मी तिचे केस विंचरत होते.