कोळ्यांच्या पोरी आणि माझं पाचवं प्रकरण

पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि दर रविवारी स्कूटर काढून जोतिबाच्या डोंगराकडे जात होते, कोळी मोजायला. घरी याचं कौतुक नव्हतं. कोळी म्हटलं की सासूबाई आधी झाडूच शोधायच्या.

पण हे कोळी एकेकटे जाळं विणून बसणारे नव्हेत. बोरी-बाभळीच्या काट्यांत मळक्या कापसासारखं घरटं करून ते शेकड्यांनी एकत्र राहतात. अडकलेला टोळ सगळ्या मिळून ओढतात, एकमेकींची पिल्लं पोसतात. ‘एकमेकींची’ म्हणते, कारण घरट्यात नर अगदी मोजके.

डोंगराच्या वाटेवर एक मावशी गुलाल-खोबऱ्याचं दुकान चालवायच्या. त्यांच्या पत्र्याखाली मी स्कूटर लावायचे. एकदा त्या स्वतःच घरटं बघायला आल्या.

“ह्यात समद्या पोरीच व्हय?”

“जवळजवळ.”

“आनि तरी एवढं मोठं घर!” त्या म्हणाल्या. मग स्वतःलाच टोकत, “तरी काय म्हनून? पोरी हाईत म्हनूनच मोठं हाय की. गडी काय जाळं विनतोय व्हय?”

माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण नेमकं हेच विचारत होतं. एखाद्या घरट्यात नर कमी असतील, तर प्रत्येक नराला जोडीदारणी भरपूर. मग ज्या आईला मुलगे जास्त होतील, तिची नातवंडं जास्त. या हिशेबानं मुलग्यांची संख्या वाढत वाढत बरोबरीला यायला हवी. ती येत का नाही? एक उत्तर असं, की झुंज नुसती आई-आईत नसते, घरट्या-घरट्यांतही असते. मुली जास्त असलेलं घरटं वाढतं, फुटून नवी घरटी करतं; मुलगे जास्त झालेलं वाळून जातं. म्हणजे निसर्ग एकेक जीव निवडतो, तसे गटही निवडतो. याला समूह-निवड म्हणतात. दुसरी बाजू म्हणते, गट-बिट काही नाही. जवळच्या नात्याचा आणि जनुकांचा हिशेब नीट मांडा, सगळं त्यात बसतं. या वादावर मोठमोठे जीवशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर आलेले आहेत. मी दोन्ही बाजू मांडल्या होत्या, माझे आकडे दिले होते, आणि पहिल्या बाजूकडे थोडी झुकले होते. एवढाच माझा गुन्हा.

माझ्या मार्गदर्शक सरांनी प्रकरण उघडलं आणि पानापानावर लाल पेनानं तिरकी रेघ ओढली.

“हे काढा.”

“सर, पण आकडे...”

“आकडे गेले खड्ड्यात. समूह-निवड आम्ही शिकत होतो तेव्हाच मेली. परीक्षक हसेल, आणि तुम्हाला नाही, मला हसेल.” मग चष्मा काढत म्हणाले, “तुम्हा बायकांना जिथं तिथं कुटुंबच दिसतं.”

मी चाळीस पानं काढली. गप्प बसून काढली. या गोष्टीचा राग मला आजही सरांइतकाच स्वतःचा येतो. पदवी मिळाली, पेढे वाटले, आणि पाचवं प्रकरण कपाटात गेलं.

गेल्या वर्षी आमच्याच कॉलेजात सरांचं व्याख्यान ठेवलं होतं. ते निवृत्त झालेले. विषय, ‘सहकार: निसर्गाचा नियम’. कोल्हापुरात सहकार म्हटलं की हॉल भरतोच. सर उभे राहिले आणि म्हणाले, “मी सुरुवातीपासून सांगत आलोय, निवड गटांचीही होते!” माझा कानांवर विश्वास बसेना. तेवढ्यात पडद्यावर फोटो आला. बोरीची फांदी, घरटं, आणि कडेला फांदी धरलेला माझा अंगठा. पुढच्या चित्रात पाचव्या प्रकरणातला माझा तक्ता, जसाच्या तसा. माझं नाव कुठंच नाही.

सर रंगात आले होते. “गट मोठा व्हायचा तर व्यक्तीनं लहान व्हायला शिकलं पाहिजे. कोळ्याची मादी कधी स्वतःचं नाव मागते का?”

मी उठून उभी राहिले.

“सर, हा फोटो कुणी काढला?”

“अं... हे सगळं आपल्या टीमचं काम आहे.”

“टीममध्ये कोण कोण होतं? डोंगरावर तर तुम्ही एकदाही आला नव्हता. आणि हे प्रकरण तुम्हीच मला काढायला लावलं होतं.”

प्राचार्यांनी घाईनं माईक घेतला आणि चहापान जाहीर केलं.

नंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “मॅडम, संस्थेचा इचार करायचा की जरा! एकानं थोडं सोसलं तर समद्यांचं भलं हुतंय.”

“मग तो एक दरवेळी मीच का?”

त्यांनी पुढची फाईल ओढली. दुसऱ्या दिवशी ‘खुलासा सादर करावा’ असं पत्र मात्र आलं. मी खुलासा एका ओळीचा लिहिला आणि सोबत लाल रेघांची चाळीस पानं झेरॉक्स करून जोडली. त्यानंतर कुणी पत्र पाठवलं नाही. सरांचा फोनही आला नाही.

ते प्रकरण मग मी माझ्या नावानं एका नियतकालिकाकडे पाठवलं. चार महिन्यांनी परत आलं. कोण्या अनोळखी परीक्षकानं लिहिलं होतं: मोजणी चोख आहे, निष्कर्ष घाईचा आहे. हे कोळी भावाबहिणींतच जोड्या जमवतात, म्हणजे आईला मोजके मुलगे पुरतात, तेव्हा नात्याच्या हिशेबानंही हे सुटू शकेल. आधी घरट्यातल्या कोळ्यांचं आपसातलं नातं किती जवळचं, ते मोजा. दोन दिवस मी धुमसत होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं आणि जाणवलं, या माणसानं माझं प्रत्येक पान वाचलंय, आणि रेघ एकावरही ओढलेली नाही.

आता मी नातं मोजतेय. कदाचित समूह-निवडीची गरजच नाही असं निघेल. निघू दे. सरांवरचा राग काही त्यानं कमी होणार नाही. त्यांचं मत चुकलं म्हणून मी चिडलेली नाहीच; मत माझंही चुकेल. त्यांनी मला भांडूच दिलं नाही, आणि वारं फिरल्यावर माझंच भांडण स्वतःचं म्हणून मांडलं.